सर्व्हरचा आहेर

माझ्या कामाचे फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतात. "मॅडम, मशीन चालू हाय, पण चालंना." बाहेरच्या माणसाला हे ऐकवलं तर तो हसेल. मला त्यातून सगळं कळतं. दिवा लागलाय, पंखा फिरतोय, पडद्यावर चित्रही आहे. फक्त बटण दाबून माणूस चहा पिऊन आला की मग कुठं पुढचं पान उघडतंय. म्हणजे आत कुणीतरी प्रोसेसर अडवून बसलंय. ते कोण हे शोधायचं आणि त्याला उठवायचं, हा माझा धंदा. सोलापूर आणि आसपासचे कारखाने, दवाखाने, शाळा, गोदामं, जिथं म्हणून लिनक्सवर चालणारं मशीन आहे तिथून मला बोलावणं येतं.

लिनक्स म्हणजे काय ते आधी सांगते. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर बहुधा विंडोज असते. लिनक्स हा त्याच कामाचा, पण वेगळ्या घरातला गडी. फुकट मिळतो, कमी खातो, वर्षभर बंद न करता चालतो, म्हणून कारखान्यांना परवडतो. तो रुसला तर मात्र त्याच्याशी टाइप करून बोलावं लागतं, आणि ती बोली येणारी माणसं आपल्या गावात अजून मोजकीच आहेत. त्यात बाई मी एकटीच आहे की काय ते माहीत नाही, पण दुसरी अजून भेटलेली नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील होटगीला रेल्वेत गँगमन, आई विड्या वळायची. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर झाले तेव्हा नातेवाइकांनी आपापले बंद पडलेले टीव्ही आणून दाखवले होते. हे मी कौतुकासाठी सांगत नाही, आणि थोडं कौतुकासाठीही सांगते. मी कॉलेजात असताना आम्ही कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहायला गेलो. शेजारची सगळी घरं तेलुगू. त्यामुळं मला तेलुगू बोलता येत नसलं तरी ऐकलेलं सगळं समजतं. भांडण तर पूर्ण समजतं.

आता प्रोसेसर. लग्नघरात भाकरी करायला चार बायका चार तव्यांवर बसल्यात असं समजा. ते चार तवे म्हणजे प्रोसेसर. पंगतीत बसलेली माणसं मागतील तशा भाकरी बाहेर जातात. ही माणसं म्हणजे तुम्ही पडद्यावर उघडलेली कामं; ती डोळ्यांना दिसतात. पण मागच्या दारानं मागणारेही असतात. कुणी वाजंत्र्यांसाठी नेतो, कुणी गाडीवाल्यांसाठी. ते पंगतीत दिसत नाहीत. आमच्या भाषेत त्या बॅकग्राउंड प्रोसेस. त्यातल्या बहुतेक गरजेच्याच असतात. एखादी मात्र टोपलीच्या टोपली उचलून नेते आणि पंगत ताटकळते. लिनक्सला 'टॉप' असं टाइप करून विचारलं की कुठल्या तव्यावर कुणाचं किती चाललंय ते तो नावानिशी दाखवतो.

नाव कळलं की पुढचं काम सोपं वाटतं. प्रोसेस बंद करायच्या आज्ञेचं नावच 'किल' आहे. आम्ही सरळ 'मारायचं' म्हणतो. एकदा बसमध्ये मी फोनवर एका दवाखान्यातल्या ऑपरेटरला सांगत होते, "मारून टाक त्याला, मी यायची वाट बघू नको," तेव्हा शेजारच्या आजोबांनी पिशवी उचलली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं झाली तरी तो शब्द टाइप केल्यावर एंटर दाबायच्या आधी मी पुढचं नाव पुन्हा एकदा वाचते. मारलेली प्रोसेस कुणाचा तरी रिपोर्ट छापत असेल, कुणाचा तरी पगार काढत असेल. मशीन तुम्हाला विचारत नाही की तुमची खात्री आहे का. ते मारून मोकळं होतं.

म्हणून मी आधी चौकशी करते. सांगोल्याला डाळिंबाचे एक व्यापारी आहेत. त्यांचं मशीन दिवसभर धापा टाकायचं. जाऊन बघितलं तर फायलींची नोंद ठेवणारी एक प्रोसेस सगळे तवे अडवून बसलेली. काकांना प्रत्येक क्रेटचा फोटो काढायची सवय. क्रेट उघडलं की फोटो, बंद केलं की फोटो. ती प्रोसेस बिचारी एकेक फोटो उघडून बघत होती.

"म्हंजे हे मशीन माजी डाळिंबं बगत बसतंय व्हय?" काका म्हणाले.

"होय काका. तुम्ही शोधाल तेव्हा चटकन सापडावीत म्हणून."

"मी कदी शोदली? फोटू काडायचा, गिराइकाला धाडायचा, इसरायचं."

"ते त्याला कुणी सांगितलं नाही ना."

काकांनी वाकून पडद्यावरची ती ओळ बघितली. मग म्हणाले, "मारू नगा त्याला. इमानानं करतंय. मी दुपारचा जेवाय जातो, तवा बगू द्या." आजही त्या मशीनला डाळिंबं बघायची वेळ काकांच्या जेवणाचीच आहे.

अशा प्रसंगात हसून घरी येता येतं. शरणप्पा अण्णांच्या कारखान्यातला दिवस तसा नव्हता.

अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे, एमआयडीसीत. माणूस मायाळू आणि तोंडाचा फटकळ. घरात कन्नड बोलणार, बाजारात मराठी. माग चालवणारे विणकर बहुतेक तेलुगू, पण अण्णांना तेलुगू समजण्यापुरतीच येते, बोलण्यापुरती नाही. त्यांचे माग नव्या पद्धतीचे आहेत. टॉवेलवर मोर विणायचा की नुसत्या रेघा, हे केबिनमधल्या एका सर्व्हरवरून मागाला कळतं. सर्व्हर म्हणजे सगळ्यांना पुरवठा करणारं मशीन. ते हळू झालं की पुढचं डिझाइन मागाला पोचत नाही, माग थांबतो आणि त्याच्या डोक्यावर पिवळा दिवा लागतो. विणकर हात बांधून बसतो. टॉवेल जितके उतरतील तितकी मजुरी, त्यामुळं पिवळा दिवा कुणालाच बघवत नाही.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. अण्णांचा फोन आला, पण वाक्य नेहमीचं नव्हतं.

"मॅडम, मशीनमदी चोर शिरलाय. या."

मी पोचले तेव्हा शेडमधले निम्मे दिवे पिवळे होते. केबिनमध्ये एसी इतका जोरात की अंगावर काटा आला. अण्णा टेबलाला टेकून उभे. टेबलावर उभ्या केलेल्या फोनमध्ये त्यांचे जावई दिसत होते. ते पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहेत. आणि भिंतीला पाठ लावून उभी होती लावण्या. ही मुलगी डिझाइन बनवायची आणि सर्व्हर सांभाळायची. बी.कॉम. झालेली, वडील राजय्या याच कारखान्यात मागावर. आमच्यासारखंच घर, शिकलेली तीच पहिली. खुर्ची रिकामी होती, तरी ती उभी होती. कीबोर्डला हात लावायचा नाही असं तिला सांगितलेलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा इतकंच दिसलं की ती दोन्ही हात ओढणीत गुंडाळून उभी आहे.

केबिनच्या काचेतून राजय्याचा माग समोरच दिसायचा. त्याचा दिवा हिरवा होता. तो मान खाली घालून ताण्याकडं बघत होता, आणि एकदाही त्यानं केबिनकडं मान वर केली नाही.

जावईबापूंनी मला सगळं नीट समजावलं. माणूस उगाच बोलणारा नव्हता. दुसऱ्याच्या मशीनमध्ये चोरून शिरणारे, तिथं आपल्या आकडेमोडीचं काम लावून इंटरनेटवरची नाणी कमावणारे लोक असतात. त्याला मायनिंग म्हणतात. मशीन तुमचं, वीजबिल तुमचं, नाणी त्यांची. या सर्व्हरवर आठवडाभर तेच चाललंय असं त्यांचं म्हणणं होतं.

"आणि गेल्या आठवड्यात हैदराबादहून कुणीतरी या मशीनमध्ये लॉगिन केलंय," ते म्हणाले. "पासवर्ड दोघांकडंच आहे. अण्णांकडं आणि लावण्याकडं."

"तो माझा मामेभाऊ," लावण्या म्हणाली. "टॉवेलवर तेलुगूत नावं विणायची ऑर्डर होती. फॉन्ट बसंना. त्यानं तिथून बसवून दिला. अण्णांना सांगितलेलं मी."

"मला फाँट म्हणलीस," अण्णा म्हणाले. "हैदराबाद कुटं म्हणलीस?"

मी खुर्चीवर बसले आणि टॉप चालवलं. सगळ्यात वर चार ओळी, चारही तव्यांवर एकच नाव: 'किडल-इंजेक्ट'. प्रत्येक तवा निम्म्याहून जास्त त्याच्याच ताब्यात. हे नाव मी याआधी कधी बघितलं नव्हतं.

"नावातच आहे बघा," फोनमधून जावईबापू म्हणाले. "इंजेक्ट. बाहेरून आत सोडलेलं."

"म्हंजे सुई टोचलीय," अण्णा म्हणाले, आणि लावण्याकडं बघितलं.

जावईबापूंचं बोलणं खोडून काढावं असं माझ्याकडं काहीच नव्हतं. लिनक्सच्या स्वतःच्या घरातल्या प्रोसेसची नावं पुष्कळदा 'के' अक्षरानं सुरू होतात, आणि मायनिंगवाले चोर नेमकी तशीच नावं लावून येतात, हे मलाही माहीत होतं. लग्नात मुलाकडचा म्हणून जेवून जाणारा माणूस असतो, तसं. मी स्वतः असे दोन चोर पकडलेले होते. दोघांचीही नावं अशीच साळसूद होती.

"मारा की त्याला," अण्णा म्हणाले.

मी किल दिलं. चारही ओळी तशाच. त्याहून कडक आज्ञा असते, ज्यापुढं कुठलीच साधी प्रोसेस टिकत नाही, ती दिली. चारही ओळी तशाच.

"मरंना?"

"नाही."

"बगा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता आणि तो मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटला. "मॅडम, माजं सरळ हाय. पाळी सुटायच्या आत तुमी काय ते सांगा. तवर न्हाय उलगडलं तर मी पोलिसात जातो. आणि बाप-लेक दोगंबी उद्यापासनं हितं नगंत."

जावईबापू म्हणाले, "अण्णा, राजय्याचं काय त्यात?"

"एका घरातलीच की," अण्णा म्हणाले.

मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आले. मला विचार करायला थोडी जागा पाहिजे होती. नळाजवळ पिवळ्या दिव्यांचे विणकर उभे होते. मला तेलुगू येत असेल असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं. "दोंग," एक म्हणाला. "राजय्याची पोरगी. दोंग." दोंग म्हणजे चोर. दुसऱ्यानं विचारलं, काय चोरलं? पहिला म्हणाला, कॉम्प्युटरमधलं काहीतरी, मालक स्वतः दारात उभं राहून विचारत होते. तिसऱ्यानं राजय्याच्या मागाकडं बघून तोंड फिरवलं. मला सगळं समजत होतं. मध्ये पडून 'थांबा, अजून काही ठरलेलं नाही' एवढं तेलुगूत म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ते येत नव्हतं. ही रुखरुख मला अजून आहे.

आत आले. लावण्या अजून उभीच.

"बस गं," मी म्हणाले.

"नको मॅडम. बसले तर परत उठवतील."

मी परत पडद्यापुढं बसले आणि स्वतःला म्हटलं, आपण इथं पोचायच्या आधी चोर पोचला होता. अण्णांच्या पहिल्याच वाक्यात आला होता. आता जरा चोर बाजूला ठेवून बघू.

न मरणारी प्रोसेस दोनच प्रकारची असते. एक तर महाबिलंदर, नाहीतर घरचीच. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याच्या स्वतःच्या कामांना बाहेरून कुणी मारू शकत नाही, आणि ते बरंच आहे. आता घरचा कोण आणि बाहेरचा कोण हे कसं ओळखायचं? प्रत्येक प्रोसेसला बाप असतो. ती कुणी सुरू केली ते मशीनमध्ये लिहिलेलं असतं. मी या चौघांचा बाप काढला. बाप कर्नलच निघाला. मग या चौघांची डिस्कवर कुठं फाइल आहे का ते बघितलं. चोराला कुठून तरी यावं लागतं, त्याची फाइल कुठं ना कुठं असते. यांची कुठंच नव्हती.

"ही मशीनच्या घरातलीच वाटते," मी म्हणाले.

जावईबापूंनी विचारलं, "ताई, खोटा बापही लावता येतो. तुम्ही खात्रीनं सांगू शकता?"

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."

अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. लावण्यानं बघितलं नाही. बाहेर आणखी एक दिवा पिवळा झाला.

घरचंच माणूस असेल तर ते असं का वागतंय, हे घरालाच विचारायचं. कर्नल दिवसभर स्वतःशी पुटपुटत असतो. ते पुटपुटणं वाचता येतं. मी ते उघडलं आणि वाचता वाचता पुढं सरकून बसले. तेच तेच वाक्य, पानामागून पान: तापमान हद्दीबाहेर, वेग कमी करतोय. तापमान हद्दीबाहेर, वेग कमी करतोय.

प्रोसेसरचं तापमान विचारलं. पाणी उकळतं त्याच्या जरासंच खाली होतं.

"तापलंय हे," मी म्हणाले.

"तापलंय?" अण्णा म्हणाले. "मॅडम, हितं माणसाला थंडी वाजतीया."

खरंच होतं. मी उठून सर्व्हरच्या पुढच्या बाजूला हात लावला. गार. मशीन कोपऱ्यात लाकडी चौरंगावर, भिंतीला जवळजवळ चिकटून उभं होतं. पुढं कुंकवाची पाच बोटं ओढलेली, सुकलेल्या झेंडूची एक पाकळी चिकटलेली, आणि वर पांढरीशुभ्र गांधी टोपी. खंडेनवमीची पूजा. आपल्याकडं त्या दिवशी सुतार करवतीला, रिक्षावाला रिक्षाला आणि विणकर मागाला हळदकुंकू वाहतो. मी आत आल्याआल्या ते बघितलं होतं आणि बरं वाटलं होतं, की अण्णांनी सर्व्हरलाही अवजारांत धरलंय.

मी तिथंच त्या टोपीकडं बघत उभी राहिले. मी सोलापूरची आहे. माझ्या लग्नात, भावाच्या लग्नात, वडिलांच्या निवृत्तीच्या दिवशी, पुरुषमाणसाला आहेर केला की काय येतं ते मला माहीत आहे. नुसती टोपी कधीच येत नाही.

"अण्णा," मी म्हणाले, "टोपी दिसतेय. टॉवेल कुठाय?"

"कुटला टॉवेल?"

"आहेराचा. टॉवेल-टोपी केलीत ना मशीनला?"

"केली की. पूर्ण आहेर केला. नव्या डिझाइनचा पयला नग," अण्णा म्हणाले, आणि सांगता सांगता त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "वर ठेवला तर धूळ बसंल, कुणी हात पुसंल. दिवाळीच्या पूजेपत्तूर मशीनपाशीच ऱ्हायला पायजे. म्हून मीच नीट घडी घालून मागं…"

बोलता बोलताच ते चौरंगामागं वाकले.

मी मशीन चौरंगासकट पुढं ओढलं. जाड, गुबगुबीत, मोर विणलेला टॉवेल, नीट चौपदरी, भिंत आणि मशीनच्या मध्ये खोचलेला. आतली गरम हवा जिथून बाहेर पडते ती जाळी त्यानं घट्ट झाकली होती. ओढून काढला तर इस्त्रीखालून काढल्यासारखा तापलेला. जाळीला टॉवेलच्या तंतूंचा थर बसला होता, तो मी हातानंच पुसला. अडकलेला पंखा सुटल्यासारखा घोंगावला आणि मागून गरम वाफारा आला.

आम्ही चौघं, म्हणजे फोनमधले धरून चौघं, पडद्याकडं बघत राहिलो. तापमान उतरत गेलं. वरच्या चार ओळी एकेक करून खाली घसरल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. कुणी मारल्या नाहीत. त्यांचं काम संपलं. काचेबाहेर पिवळे दिवे हिरवे व्हायला लागले.

ती प्रोसेस काय होती ते मी तिथं सांगितलं तसंच इथंही सांगते. तवा इतका तापलाय की आता तो तडकेल, अशा वेळी घरातली जाणती बाई उठते आणि तव्यासमोर आडवी उभी राहते. म्हणते, जरा थांबा, निवू दे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ही बाईच तवा अडवून बसलीय. टॉपमध्येही तसंच दिसतं. तव्यावर तिचंच नाव लागतं. ती काही भाजत नसते. प्रोसेसर जळू नये म्हणून त्याला सक्तीची विश्रांती देत असते. इंजेक्ट म्हणजे ती विश्रांती मध्ये घुसवायची, एवढाच अर्थ. ती मेली असती तर सर्व्हर त्याच आठवड्यात जळाला असता.

जावईबापू आधी बोलले. "लावण्या, माझं चुकलं. सॉरी."

"तुम्ही लांबून काय बघणार दादा," ती म्हणाली.

अण्णा तो गरम टॉवेल हातात घेऊन खुर्चीवर बसले. माझ्याकडं बघितलं नाही. "मीच व्हय," म्हणाले. थोड्या वेळानं हसायचा प्रयत्न केला. "जावईबापू, घरचाच आहेर सर्व्हरच्या नाकावर बसला की." कुणी हसलं नाही. मग ते उठले आणि खुर्ची लावण्याच्या दिशेनं सरकवली. "बस की पोरी. झालं ते झालं. लाग कामाला."

ती बसली नाही.

"अण्णा, सकाळी तुम्ही दारात उभं राहून विचारलंत मला. दार उघडं होतं."

"रागात हुतो."

"माग चालू होते, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. आता नाही म्हणून सांगाल, तेही सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

अण्णा मालक माणूस. मला वाटलं आता भडकणार. त्यांचा जबडा हललाही. त्यांनी काचेबाहेर बघितलं, राजय्याच्या मागाकडं. मग टॉवेल टेबलावर ठेवला, बाहेर गेले आणि शेडचा मेन स्विच स्वतःच्या हातानं खाली ओढला.

चालू पाळीत त्या शेडमध्ये शांतता मी तेव्हाच ऐकली. माग थांबले तरी कान वाजत होते. विणकर जागच्या जागी वळले. वीज गेली असंच आधी सगळ्यांना वाटलं, मग अण्णा मध्ये उभे दिसले.

"ऐका," अण्णा म्हणाले. "मशीन तापलं हुतं. चूक माजी. माज्या हातची. पोरीचा काय संबंद न्हाय त्यात."

दोघातिघांनी एकमेकांकडं बघितलं. नळाजवळचा तो पहिला मान खाली घालून हात पुसत होता.

लावण्या केबिनच्या दारात येऊन उभी होती. "तेलुगूत सांगा अण्णा," ती म्हणाली. "मी तेलुगूत दोंग झालेय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी काही मदत करणार होते. मग घसा साफ केला. इतक्या वर्षांत त्या माणसाला कुणाशी दबकून बोलताना मी पाहिलं नव्हतं.

"लावण्या," ते म्हणाले, "दोंग… लेदु."

मागून कुणीतरी खुसकन हसलं. मला कळलं काय झालं ते. आपल्या मराठीत एकाच 'नाही'वर सगळं भागतं. तेलुगूत दोन आहेत. 'लेदु' म्हणजे अशी वस्तूच नाही, दुकानात साखर नाही तसं. 'कादु' म्हणजे हे ते नव्हे, ही साखर नव्हे, मीठ आहे, तसं. अण्णांना बाजारात रोज ऐकू येणारा 'लेदु' तेवढा तोंडात होता. ते म्हणाले होते, चोर इथं नाहीच.

मी आल्यापासून राजय्या एक शब्दही बोलला नव्हता. मागावरचा हात न काढता, मान थोडी वर करून तो म्हणाला, "कादु, अण्णा."

"कादु," अण्णा म्हणाले. "हां. दोंग कादु. लावण्या दोंग कादु." या वेळी मोठ्यानं म्हणाले, शेवटच्या मागापर्यंत जाईल असं.

"राहू द्या नान्ना," लावण्या वडिलांना म्हणाली. "पहिलं पण बरोबरच होतं की."

आणि ती आत जाऊन खुर्चीवर बसली.